रेंज गच्चीवरच होती

सासूबाईंना दवाखान्यातून घरी आणलं, त्या दिवशी डॉक्टरांनी आमच्या मालकांना बाजूला घेऊन सांगितलं, की आता इलाज असा राहिला नाही, त्रास कमी करणं तेवढं हातात आहे. पोटातली गाठ सगळीकडं पसरली होती. मालक माजलगावकडं साखर कारखान्यात कामाला. हंगाम चालू होता, त्यांना आठवड्यातून एकदाच गावी यायला जमायचं. धारूरच्या डोंगराखालच्या आमच्या घरात मग त्या आणि मी, दोघीच. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण इतका वेळ आम्ही एकमेकींसमोर कधी बसलो नव्हतो. आमच्यात भांडण नव्हतं आणि फार माया पण नव्हती. कामापुरतं बोलायचो. मी त्यांना आत्या म्हणायचे.

दवाखान्यातली एक सिस्टर पंधरा दिवसांतून एकदा घरी यायची. मधले दिवस फोनवर. तिनं माझ्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं होतं. दुखण्याच्या गोळीची वेळ झाली की ते वाजायचं, आणि सकाळ-संध्याकाळ त्यात पाच तोंडं यायची. पहिलं हसरं, शेवटचं रडकं. आत्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जितकं दुखतंय त्या तोंडावर त्यांनी बोट ठेवायचं, आणि ते बघून गोळी वाढवायची की नाही हे डॉक्टरला विचारून सिस्टर सांगायची. अडचण एकच होती. घर डोंगराच्या अगदी पोटाशी, खाली रेंज येत नाही. आत्यांनी बोट ठेवलं की मी फोन घेऊन गच्चीवर जायचे, तेव्हा कुठं ते पुढं जायचं.

आत्या रोज दुसऱ्या तोंडावर बोट ठेवायच्या. थोडं दुखतंय, एवढंच.

एका दुपारी मी भाकरी टाकून आत आले, तर त्यांनी बाजेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि ओठ दाताखाली दाबला होता. मला बघून हात सोडले.

"लई दुखतंय का, आत्या?"

"न्हाई. जरा कड बदलत होते."

संध्याकाळी फोन पुढं केला. पुन्हा दुसरंच तोंड.

मी वर जाऊन सिस्टरला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना बोलायचं असेल, पण तुमच्यासमोर नाही. बोलून पाठवायचं कसं ते त्यांना दाखवा आणि तुम्ही बाहेर थांबा."

मी आत्यांना दाखवलं. इथं अंगठा दाबून धरायचा, बोलायचं, झालं की सोडायचा. मग अंगणात जाऊन शेंगा फोडत बसले. आतून त्यांचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. बऱ्याच वेळानं हाक आली, "ने गं हे."

फोन घेऊन जिना चढले. तो निरोप माझ्याच हातात होता, ऐकायला कुणी अडवलं नव्हतं. पण नाही ऐकला. रेंज आली, निरोप गेला, आणि मी दोरीवरचे कपडे काढत तिथंच थांबले. थोड्या वेळानं सिस्टरचा फोन आला.

"त्यांनी तुम्हाला सांगायची परवानगी दिलीय," ती म्हणाली. "त्या म्हणतात, मी रडक्या तोंडावर बोट ठिवलं तर सून जेवणार न्हाई, उशाशी बसून ऱ्हाईल. ती आधीच अर्धी झालीय. मला तर जायचंच हाय, तिला कशापायी झिजवू?"

मी पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले. सव्वीस वर्षांत मी जेवले का, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं ते असं, फोनमधून, तिसऱ्याच बाईला.

त्या दिवसापासून ताट घेऊन मी त्यांच्या बाजेजवळ बसायला लागले. सिस्टरनंही अ‍ॅपमध्ये माझ्यासाठी दोन प्रश्न घातले होते, जेवलात का आणि झोपलात का. मी ते आत्यांना वाचून दाखवायचे, उत्तर द्यायचे. मग म्हणायचे, "माझं झालं. आता तुमी खरं सांगा." पहिल्या दिवशी त्यांनी चौथ्या तोंडावर बोट ठेवलं. इतके दिवस हे दुखणं त्यांनी गिळलं होतं, हे कळल्यावर मी ताट बाजूला सारलं. पण त्या बघत होत्या, म्हणून जेवले.

गोळी वाढली. त्यांना झोप लागायला लागली, चेहरा सैल पडला. घाटनांदूरहून नणंद आली. आई दिवसा पण झोपलेली बघून ती माझ्यावर भडकली. "आईला अफू चारतीस व्हय?" मी तिला गच्चीवर नेलं आणि सिस्टरशी व्हिडिओवर बोलायला लावलं. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. खाली आली तेव्हा नणंदेचे डोळे लाल होते. नंतर चादरीनं आईची कूस कशी बदलायची ते तिनं माझ्याकडून शिकून घेतलं. चार दिवस राहिली आणि परत गेली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, आत्यांचा श्वास मधेच थांबायला लागला. असं होईल, हे सिस्टरनं आधी सांगून ठेवलं होतं. पण समोर बघितल्यावर मला काही आठवेना. ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसले आणि म्हणाले, "आत्या, सिस्टरला विचारून येते. आलेच."

वर दोनदा फोन लागला नाही. तिसऱ्यांदा लागला. मी भराभर सांगत होते. तिनं मला मधेच थांबवलं. "आता काही करायचं नाही. खाली जा. त्यांचा हात धरून बसा."

मी धावत खाली आले. हात गरम होता. श्वास नव्हता.

तेरावा झाल्यावर सिस्टरचा फोन आला. मागं राहिलेल्या माणसांना ती असा फोन करते. ती म्हणाली, "तुम्ही त्यांच्यासाठीच वर गेला होतात." मी हो म्हणाले. मग विचारलं, "त्यांनी मला हाक मारली असेल तर?" "मला माहीत नाही," ती म्हणाली. तिनं काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेली नाही, म्हणूनच मी तिच्याशी पुन्हा बोलू शकले.

दोनेक महिन्यांनी तिनंच विचारलं, पलीकडच्या तालुक्यातल्या एका बाईशी बोलाल का, तिच्या नवऱ्याचं असंच आहे. बोलले. चादर गुंडाळून कूस कशी बदलायची, ते मी गच्चीवर चटईवर उशी ठेवून तिला व्हिडिओवर दाखवलं. ती मान हलवत बघत होती, तिचे केस कित्येक दिवस विंचरलेले नव्हते. शेवटी मी म्हणाले, "वेळ आली की फोन करायला दुसऱ्या कुणाला तरी पाठव. तू उठू नको." ती बरं म्हणाली.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तिच्या घरात दुसरं कुणी आहे का, हे विचारायचंच राहिलं.