काकूंचं वजन आणि बिडाचा टब

वरच्या मजल्यावरचे काटेवाले काका भर दुपारी एका दुकानात गेले, म्हणजे कायमचे गेले, ही बातमी आमच्या इमारतीत मीच आणली. माझी चूक नाही. काचेपलीकडे पांढरा टब, त्यात काका आडवे, हात छातीवर, डोळे मिटलेले. माणसानं दुसरं काय समजायचं? तळमजल्यापर्यंत सगळे हळहळून होतात न होतात तोच काका जिना चढत आले.

"टब बघत होतो," ते म्हणाले. "तू बूट पायात घालून बघतोस ना घेण्याआधी?"

काकांनी जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले. भाजीवाल्याचे, सोनाराचे, भंगारवाल्याचे. वजनदार वस्तूवर त्यांचा आंधळा विश्वास. हलकी खुर्ची दिसली तरी ते तिच्याकडे संशयानं बघतात. आणि स्वतः न मोजलेला आकडा ते कागदावर मांडत नाहीत.

टब हवा होता काकूंसाठी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रोज अर्धा तास गरम पाण्यात पाय शेकायला सांगितलेला. शिवाय दोन महिने काकाच त्यांना धरून आंघोळीला नेत होते. काकूंचं मागणं एकच होतं, "मला दार लावून, एकटीनं आंघोळ करायची आहे. बाकी टब सोन्याचा आणा नाहीतर पत्र्याचा."

काकांनी निवडला बिडाचा. जाड ओतीव लोखंड, वर चकचकीत इनॅमल, पाणी तासभर गरम. दुकानात काकूंनी त्याच्या काठाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अहो, बर्फ आहे हा! आणि काठ किती उंच? यात उतरायला मला शिडी लागेल."

शेजारी अ‍ॅक्रिलिकचा टब होता, बुटक्या काठाचा. काकू दांडी धरून त्यात स्वतःच उतरल्या, बसल्या, उठल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी काकांचा हात मागितला नाही. काकांनी मात्र टबावर टिचकी मारली. "पोकळ वाजतोय. बसलीस की कुरकुरणार."

"कुरकुरू दे. चाळीस वर्षं तुमची ऐकतेच आहे."

काका बधेनात. बिडाचा टब माझ्या डोक्यावर येणार, म्हणून मीच ओळखीच्या इंजिनियरला बोलावलं. त्यानं काकांच्या न्हाणीघराची फरशी ठोकून, मोजून सांगितलं, "या कोपऱ्यात चारशे किलोच्या वर नको."

काकांनी तिथल्या तिथे मांडलं. टब दीडशे, पाणी दोनशे, काकू चव्वेचाळीस. एकूण तीनशे चौऱ्याण्णव. "बसतंय!" त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली.

मी काकूंकडे पाहिलं. इंजिनियर भिंतीकडे बघायला लागला.

"काका," मी म्हटलं, "चव्वेचाळीस कधीचे?"

"लग्नानंतरच्या आठवड्यातले. मी स्वतः मोजलेले."

तेव्हा नवा काटा घरी आणून काकांनी नव्या नवरीला त्यावर उभं केलं होतं आणि आकडा साऱ्या पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाचला होता. त्या दिवसापासून काकूंनी काट्यावर पाय ठेवला नाही. आणि नंतरचं वजन मोजलेलं नाही, म्हणून काकांच्या हिशेबी ते वाढलेलंही नाही!

काकू उठल्या. काठी टेकत गॅलरीत गेल्या. तिथे काकांचा जुना काटा ठेवलेला असतो. काठी भिंतीला टेकवली, आणि चपला काढून त्या सरळ काट्यावर उभ्या राहिल्या.

"वाचा. मनात."

काका वाकले. चष्मा पुसला. पुन्हा वाकले. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी कागदावरच्या बिडाच्या टबावर आडवी रेघ मारली.

अ‍ॅक्रिलिकचा टब गेल्या आठवड्यात बसला. पाण्याची ऊब टिकावी म्हणून काकांनी त्याला बाहेरून जाड अस्तर लावून घेतलं. सकाळी वरून कडी लावल्याचा आवाज येतो, मग अर्धा तास काकूंचं गुणगुणणं. काका तोवर जिन्यात पेपर वाचत बसतात. दाराशी थांबायचं नाही, अशी त्यांना ताकीद आहे.

काल तिथेच मी त्यांना गाठलं. हळूच विचारलं, "काका, आपल्यातच राहील. किती भरलं?"

काकांनी पेपरमधून डोकं वर न काढता म्हटलं, "तू खालीच राहतोस ना? छत डोक्यावर आलं नाही, म्हणजे बेताचंच आहे असं समज."