गाबोळीचे डोहाळे

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. पिंपरीत नवे कारखाने उभे राहत होते. नवऱ्याला तिथे नोकरी लागली आणि त्याच वर्षी आमचं लग्न झालं. सासर देहूजवळ, घरातले सगळे माळकरी. मी रत्नागिरीकडची, खाडीच्या काठावर वाढलेली. मासे सोडायचे, या अटीवर मला पसंत केलं होतं. मी सोडले. तोंडाने सोडले, असं म्हणू या.

मला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात सासूबाई मला देहूच्या डोहावर घेऊन गेल्या. तिथल्या माशांना कुणी हात लावत नाही, लोक कणकेच्या गोळ्या टाकतात. शेजारच्या बायकाही बरोबर होत्या. पायरीशी हातभर लांबीचे मासे आले, पोटं ही एवढी फुगलेली. "ह्यास्नी काय झालंय गं?" एकीने विचारलं. झालं, माझी जीभ सुटली.

म्हटलं, या माद्या आहेत, पोटात अंडी आहेत. नदीला नवं पाणी आलं की धारेविरुद्ध पोहत वर जातील, उथळ पाण्यात गोट्यांवर अंडी टाकतील आणि चालत्या होतील. आमच्या खाडीतल्या शिंगाळ्याचं मात्र वेगळं. मादी मोकळी होते आणि अंडी नर तोंडात धरून ठेवतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत बिचारा उपाशी.

"आमच्या धन्याला सांगा की हे," एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. सासूबाईंच्या तोंडावर कौतुक दिसत होतं. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मी म्हणाले, "आणि ही अंडी, म्हणजे गाबोळी, मीठ-मसाला लावून तळली ना..." आणि सगळ्यांदेखत चक्क लाळ गिळली.

सासूबाईंनी माशांपुढे हात जोडले. "लेकरू हाय, मनावर घिऊ नका," त्या माशांना म्हणाल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "डोहाळं लागल्यात व्हय?"

मी नाही म्हटलं.

"खोटं बोलू नगंस. पोटातल्या जिवाचं मन मारू न्हाई."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर नवऱ्याने पवना नदीवर मासे धरणाऱ्या भोयांकडून पानात बांधून गाबोळी आणली. परसात तीन दगड मांडून जुन्या तव्यावर मीच ती तळली. गळ्यातली माळ झाकून, नाकाला पदर लावून सासूबाई माझ्याकडे पाठ करून वाटेत बसल्या, कुणी येऊ नये म्हणून. शरमेने माझी मान वर होत नव्हती. खाली मान घालूनच मी सगळी गाबोळी संपवली, बोटंही चाटली.

"उद्या आनखी आनाया सांगू का?" त्यांनी न वळताच विचारलं.

माझे कान लाजेने तापले होते. मी हो म्हणाले.