चाव म्हणणारे आजोबा

जर्मनीत हायडेलबर्गला आमच्या घराखाली त्यांचं आइसक्रीमचं दुकान आहे. इटालियन आजोबा, सत्तरीचे, आणि तोंडात सदा 'चाव'. गिऱ्हाईक आलं की चाव, गेलं की चाव. फोन ठेवताना तर चाव चाव चाव चाव, जणू फोनच सोडवत नाही.

यंदा उन्हाळ्यात पुण्याहून आई आली होती. तिच्यादेखत मी त्यांना या शब्दाचा अर्थ विचारला. ते छातीवर हात ठेवून वाकले. "पूर्वी व्हेनिसमध्ये लोक म्हणायचे, 'मी आपला गुलाम.' बोलून बोलून झिजलं, उरलं चाव."

मी मराठीत सांगितल्यावर आई कळवळलीच. "अगंबाई! एवढा वडीलधारा माणूस, आणि दिवसभर पोरासोरांचा गुलाम? त्यांना म्हणावं, निघताना 'येतो' म्हणा."

"जाताना येतो?" ते इतके हसले की हातातल्या कोनवरचं आइसक्रीम कलंडलं. "मग समोरचा काय म्हणतो?"

"या म्हणतो," आई म्हणाली.

थंडीत दुकान बंद करून ते आपल्या डोंगरातल्या गावी जातात. जाताना दरवर्षी म्हणतात, "गुडघे ऐकत नाहीत आता. मार्चमध्ये बघू." मग मार्चपर्यंत आम्हाला धाकधूक.

या वेळीही शटर ओढून ते गाडीत बसले. मी 'चाव' म्हणणार, तेवढ्यात त्यांनी काच खाली केली.

"येतो," ते म्हणाले, आणि गाडी सुरू न करता माझ्याकडे बघत राहिले.

"या!" मी घाईघाईनं म्हटलं.

मगच गाडी हलली.