हौसाआत्याची न आवळणारी गाठ

आतेभावाचा, दत्ताचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात शाळेच्या मैदानावर मुलींना दोराच्या गाठी शिकवत होते. "ताई, आई गेली... शेळ्या चारून आली, च्या घेतला आन् बसल्या जागीच." माझी सांगोल्याकडची हौसाआत्या! आजारपण नाही, दवाखाना नाही. जातानाही बाईने कुणाला राबवलं नाही. मुलींसमोरच मला रडू फुटलं.

सात-आठ वर्षांपूर्वी गिर्यारोहणाचं शिबिर करून मी आत्याकडे मिरवायला गेले होते. कोरा रंगीत दोर, पिशवीत प्रमाणपत्र. सगळ्यात भरवशाची म्हणून बोलाईन गाठ बांधून दाखवली... दोराचं छोटं वेटोळं, त्यातून टोक वर, मागून वळसा, पुन्हा आत. कितीही ताण आला तरी फास आवळत नाही. आत्या पदर तोंडाला लावून हसली. "आगं, ही तर शेळीच्या गळ्यातली गाठ की!" तिच्या सगळ्या शेळ्यांची दावी अशीच बांधलेली, आवळणारा फास पडला तर जनावर गुदमरायचं. मग माझ्या फासात मनगट घालून म्हणाली, "वड." मी ओढलं आणि फास करकचून बसला. टोक मी भलतीकडूनच घातलं होतं. "मेली की गं तुजी शेळी!" त्यानंतर दर भेटीत पहिला प्रश्न हाच, "आज किती मारल्यास?" दत्ताची गाठसुद्धा ती मनगट घालून तपासायची. पोटच्या पोरावरही विश्वास नव्हता बाईचा!

गेल्या उन्हाळ्यात तिची एक शेळी कोरड्या विहिरीत पडून दोन पुरुष खोल कपारीवर अडकली. मी उतरते म्हटलं. "तुला बुजंल ती. मला वळखती," म्हणत आत्याने पदर खोचला. गाठ मी बांधायची ठरली. तिच्या काखेखालून फास घेऊन मी गाठ मारली. दोनदा ओढून पाहिलं तरी भीती जाईना.

"आत्या, मनगट घालून बघ ना..."

"कशापायी? तू बांधलीस न्हवं?"

एवढं बोलून तिने काठावरून पाय खाली सोडलेसुद्धा. बाभळीला वळसा देऊन दत्ता आणि मी दोर सोडत राहिलो. वर आली ती शेळीला खांद्यावर घेऊन, तिलाच शिव्या घालत. एवढा विश्वास माझ्यावर तोवर कुणी टाकला नव्हता. मी तिच्या गळ्यात पडून रडले आणि शेळीने तेवढ्यात माझी ओढणी चघळली.

दिवसकार्यानंतर पंधरा दिवसांनी परत गेले. एका शेळीचं दावं झिजून तुटलं होतं. आत्याने वळून ठेवलेल्यातलं एक दत्ताने माझ्या हातात दिलं. "मला न्हाय जमत तिच्यागत. तूच बांध की." बांधलं. शेळीने एक हिसका दिला आणि निवांत पाला खायला लागली.

निघताना दारातून वळून पाहिलं. शेळ्या ओळीने उभ्या होत्या, सगळ्यांच्या गळ्यात एकसारख्या गाठी. त्यांतली माझी कुठली, हे मलाही ओळखता येईना.