उशाखालचं फडकं

परवा नात तिच्या पुस्तकातून वाचून दाखवत होती. किड्यांमध्ये म्हणे मादीच्या अंगाच्या वासावर नर लांबून उडत येतो. माणसांतही तसं काही असावं, पण शास्त्रज्ञांना अजून पक्कं सापडलेलं नाही. सापडत नाही म्हणे! मला माझी सासू आठवली आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी लग्न होऊन वैनगंगेकाठच्या गावात आले, तेव्हा नागपूर राजधानी होतं आणि चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. सासरी कोशाचा धंदा. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर किडे सोडायचे, ते पाला खाऊन कोसे विणत, त्या कोशांचं रेशीम निघे. आखाडात एका संध्याकाळी सासऱ्यांनी कोशातून निघालेली मादी पाखरं टोपलीवर बसवून अंगणात ठेवली. थोड्या वेळानं रानातून नर यायला लागले. मी टोपलीला नाक लावलं. काही नाही. सासरे हसले. "तुले नाई येनार, पोरी. ज्याचा त्याले येते."

किडे झाडावर चढले की पुरुष रानातल्या झोपडीत राहायला जात. दोन महिने बाईचं तोंड पाहायचं नाही, तेल नाही, मच्छी नाही. बाईच्या वासानं किडे सडतात, असा पक्का समज. आणि गावात हा नियम पाळायला लावणारे माझे सासरेच. कोणी मोडला तर दंड तेच बसवत.

नवऱ्याशी माझं अजून धड बोलणंही झालं नव्हतं. पण तो शेजारून गेला तरी डोळे मिटून कळे. धूर, येनाचा पाला, आणि त्याच्याखाली त्याचं स्वतःचं काहीतरी. मला ते फार आवडायचं. आता या वयात लाजू कशाला?

रानात गेल्यावर आठ दिवसांनी तो तांदूळ न्यायला आला. गाठोडं कुंपणाशी जमिनीवर ठेवायचं आणि आपण आत जायचं, अशी रीत. तो लांबूनच म्हणाला, "तुया डोईच्या फडक्यात बांध. धुतलेलं नको." माझे कान तापले. तरी दिलं.

भादव्यात किडे काळे पडले, फांद्यांना उलटे लोंबायला लागले. वर्षाचा घास गेला. कोणाचं चुकलं म्हणून सासऱ्यांनी झोपडी धुंडाळली, तर पोराच्या उशाखाली माझं फडकं. काठीच्या टोकावर धरून ते त्यांनी घरी आणलं आणि चार लोक बोलावले.

"हिले बापाच्या घरी पोचवा. वापस आनू नका."

नवरा मान खाली घालून उभा. मेल्या, बोल की, तूच मागितलंस ना! मी मनातल्या मनात ओरडत होते. पण बापापुढे त्याची दातखीळ बसली होती. माझ्या बापाच्या घरी टाकलेल्या लेकीला कोण ठेवणार होतं?

तेवढ्यात सासू सूप हातात घेऊन बाहेर आली. जन्मात चार लोकांसमोर न बोललेली बाई.

"पोरीले काऊन पाठोता? बावीस वर्सं मी तांदूळ कशात बांधून देत होती? तुमच्या उशाखाली काय राह्यत होतं, सांगा ना या लोकाईले. तरी कोसा येतच होता ना?"

कोणी हसलं नाही. सासऱ्यांनी काठी खाली टाकली आणि ते आत गेले. मी राहिले.

पण त्याची किंमत तिनं मोजली. त्या बावीस वर्षांत जेव्हा जेव्हा किडे मेले होते, ते सगळं सासऱ्यांनी आता तिच्या माथी मारलं. त्यांची एक लहान पोरगी तापानं गेली होती, तीही. त्यांनी आपली खाट ओसरीवर काढली. ताट माझ्या हातचं घेत, तिच्या हातचं पाणीसुद्धा नाही. तिच्याशी शब्द नाही. एक ना दोन, पाच वर्षं! एकदा मीच चिडून तिला म्हटलं, "आत्याबाई, काऊन बोलल्या तुमी तवा?"

"तू इथी जेवते ना रोज?" ती म्हणाली. "मंग झालं."

ती तापानंच गेली. तिसऱ्या दिवशी तिची लुगडी नदीवर धुवायला न्यायची म्हणून मी गाठोडं बांधत होते. सासरे ओसरीवरून उठून दाराशी आले. खूप वेळ गाठोड्याकडे बघत राहिले.

"तिचं आजारपनातलं लुगडं राहू दे," म्हणाले. "धुवू नको."

मला संताप आला. पाच वर्षं ती याच दाराच्या आत होती. मी ते लुगडं गाठोड्यातून काढलं. त्यांनी हात पुढे केले होते. मी ते हातात दिलं नाही. त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवलं आणि आत गेले.