लोटन मिस्त्रीचे खारे पाणी

१० मार्च १९९६ रोजी लोटन मिस्त्रीने सुरतच्या एका दुकानात सहाशे पंचेचाळीस रुपये मोजले आणि दोन माशांची पिशवी हातात घेतली. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. सोबत दगडाला चिकटलेले मुठीएवढे जिवंत प्रवाळ होते. गेला होता कूलरचे पंप आणायला. पंपही आले, पण परतीच्या पॅसेंजरमध्ये ते फळीवर होते, पिशवी मांडीवर आणि समुद्राच्या पाण्याचे कॅन बाकाखाली.

जळगावात मेहरूणला लोटनचे कूलर दुरुस्तीचे काम होते. पुढच्या खोलीत दोनशे लिटरची काचेची पेटी होती. गेल्या दोन उन्हाळ्यांत माशांच्या दोन जोड्या उकाड्याने मेल्या होत्या. नवी जोडी पाहून त्याच्या बायकोने, कमलबाईने सांगून टाकले, "हाऊ उन्हाळा निघना ते ठीक. नई ते पेटी इकी टाका."

लोटनने मान डोलावली. आणि मे महिना लागताच पत्र्याचा एक छोटा कूलर बनवून पेटीवर बसवला. ओल्या वाळ्यातून येणारा वारा थेट पाण्यावर.

शेजारचा वना दूध डेअरीत कामाला होता. तो दारातूनच म्हणाला, "मासास्ले कूलर, अन् वहिनीले वारा घेवाले पुठ्ठा?"

"तिले मोठा कूलर शे," लोटन म्हणाला.

"तो जोडाले कधी येतीन, ते इचारा त्यास्ले," आतून कमलबाई म्हणाली.

पाणी खरोखरच गार राहिले. पण त्या वाऱ्याने ते रोज अर्धी बादली आटू लागले. लोटन तेवढेच पाणी कॅनमधून भरी. मासे समुद्राचे, तेव्हा पाणीही समुद्राचेच हवे, यात त्याला शंका नव्हती.

पंधरवड्यात प्रवाळ आक्रसून बोराएवढे झाले. मासे कोपऱ्यात तळाशी बसून राहिले. लोटनने पंप उघडला, वाळा बदलला, पाण्यात हात घालून पाहिले. पाणी गारच होते. दुपारी तो जेवला नाही. पेटीसमोर स्टूल टाकून बसला.

कमलबाई फडके घेऊन आली. काचेच्या काठावर पांढरा थर धरला होता. तिने तो नखाने खरवडला.

"लोकेस्ना कूलरले असाच थर येस ना? तवय तुम्ही काय सांगतस त्यास्ले?"

"पानी उडी जास, क्षार तठेच ऱ्हास. म्हणून जुनं पानी काढी टाका," लोटन सवयीने बोलून गेला. आणि त्याची नजर समुद्राच्या पाण्याच्या कॅनवर गेली. वीस वर्षे गिऱ्हाइकांना तो हेच सांगत आला होता.

तो तसाच वनाकडे गेला. "तुमना लॅक्टोमीटर द्या जरा."

"मासा दूध देवाले लागनात का?" वना म्हणाला, पण दुधाचा दाटपणा मोजायची ती काचेची नळी घेऊन सोबतही आला. कॅनच्या पाण्यात नळी पंचविसावर तरंगली. पेटीच्या पाण्यात चौतिसावर. वनाने पुन्हा बुडवून पाहिली. चौतीसच.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "हाई ते लोणचं व्हई ऱ्हायनं."

नळाच्या पाण्यात क्षार फार, म्हणून लोटनने बॅटरीच्या दुकानातून बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी आणले. एकदम ओतले असते तर मासे दगावले असते. सकाळी चार लिटर खारे पाणी काढायचे, चार लिटर गोडे घालायचे, संध्याकाळी तेच, आणि आटलेल्या पाण्याची भरही गोड्यानेच करायची. वना रोज डेअरीतून येताना नळी आणी आणि आकडा मोठ्याने वाची. बत्तीस. तीस. सत्तावीस.

आठव्या दिवशी नळी पंचविसावर आली. बाहेर चव्वेचाळीस अंश होते. कमलबाईने हाक मारली तेव्हा लोटन गिऱ्हाइकाचा कूलर खोलून बसला होता. तो पाना हातात घेऊनच धावला. प्रवाळ मुठीएवढे फुलले होते आणि दोन्ही मासे त्याच्याभोवती फिरत होते.

"पेटी ऱ्हाऊ द्या," कमलबाई म्हणाली.

बॅटरीच्या दुकानात त्या पाण्याचे सदतीस रुपये लोटनला अजून द्यायचे आहेत.