सगळ्यांनी डहाळी तोडली तर?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापककाकांइतका सरळ माणूस अख्ख्या जयपुरात सापडणार नाही, आणि खरं सांगू, एका शहराला असा एकच पुरे! आयुष्यभर कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, विषय काही सुटला नाही. काहीही करण्याआधी काका विचारणार, "सगळ्यांनी असंच केलं तर?" उत्तर बरं आलं नाही की ते काम बाद. आमच्याकडे जेवताना दुसरी पुरणपोळी वाढायला गेलं की ताटावर आडवा हात. "सगळ्यांनी दुसरी मागितली तर?" अहो काका, सगळे म्हणजे आपण पाच जण, आणि पोळ्या वीस केल्यात! मालवीय नगरच्या सिग्नलला भर दुपारी समोर चिटपाखरू नसताना हे स्कूटर थांबवून उभे. मागचा रिक्षावाला ओरडला, "बाबूजी, चलो भी!" काका वळून म्हणाले, "सब चले जाएँ तो?" "तो रास्ता खाली हो जाएगा," म्हणत तो गेलासुद्धा.

माझ्या लेकीने तर एकदा त्यांना चारी मुंड्या चीत केलं. "काका, मतलब, सगळेच प्रोफेसर झाले तर रोटी कोण बनवणार? मग तुम्ही झालात ते गलत ना?" तीन दिवस काका दिसले नाहीत. चौथ्या दिवशी दारात उभे. "तिचा आक्षेप रास्त आहे. विचार चालू आहे." आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

पण गेल्या पाडव्याला मी रागावले. कोपऱ्यावरचा कडुलिंब सार्वजनिक, म्हणून काका त्याची डहाळी घरात आणू देत नसत. काकूंची गुढी वर्षानुवर्षं नुसत्या साखरेच्या गाठींवर. त्या वर्षी काकू अंथरुणाला खिळलेल्या. आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "एकदा तरी पाला लावलेली गुढी बघायचीय गं. पुढच्या पाडव्याला मी असेन, नसेन." मी आणते म्हटलं, तर म्हणाल्या, "नको. यांनी आणला तरच."

मी काकांना जिन्यात गाठलं. "सगळे म्हणजे कोण हो? या तिलक नगरात गुढी उभारणारी घरं दोन!"

"नियम घरं मोजून ठरत नाही," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"बरं, राहू द्या घरं. काकूंना नवरे किती आहेत? एकच ना?"

काका वळले आणि जिना चढून गेले.

पाडव्याच्या सकाळी बाल्कनीतून बघते तो काका झाडाखाली, टाचा उंचावून. डहाळी तोडली, सदऱ्याखाली लपवली आणि घाईघाईने जिना चढले. गुढी काकूंच्या खिडकीशी उभारली. काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "केवढी मोठी आणलीत हो!" आणि पोटभर हसल्या.

यंदाच्या पाडव्याला काकू नव्हत्या. सकाळीच काका पाल्याची जुडी घेऊन आमच्या दारात आले. "आमच्याकडे वर्षभर सण नाही. तुमच्या गुढीला बांध," म्हणाले. मी जुडी घेतली तरी ते तिथेच उभे.

"दरवर्षी आणायला हवा होता गं. मी सगळ्यांचा विचार करत बसलो, आणि मागत होती ती एकटी."